बोटीची स्पेक-शीट कशी वाचायची? मुंबईत बनलेल्या 'सुहैली'वरून समजून घेऊ

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण आधी काय बघतो? प्रोसेसर, रॅम, बॅटरी, कॅमेरा. दोन फोनचे आकडे शेजारी ठेवतो आणि मोठा आकडा दिसला की खूश होतो. शिडाच्या बोटींनाही अशीच स्पेक-शीट असते. फक्त तिथे मोठा आकडा म्हणजे चांगली बोट, असं गणित चालत नाही.

मी चोपड्याचा. आमच्याकडे तापी आहे, समुद्र नाही. त्यामुळे बोटीशी माझा संबंध पावसाळ्यातल्या कागदी होडीपुरताच. पण 'सुहैली' नावाच्या बोटीचे आकडे वाचले आणि डोक्यातला इंजिनिअर जागा झाला.

ही बोट 1960 च्या दशकात मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली. डिझाइन त्याही आधीचं, 1920 च्या दशकातलं, अमेरिकेच्या विल्यम ॲटकिनचं. 1968 मध्ये गोल्डन ग्लोब नावाची शर्यत झाली: एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. पूर्ण केली एकट्यानेच, सुहैलीवरच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. 14 जून 1968 ला तो इंग्लंडहून निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला परतला. असा प्रवास पूर्ण करणारा तो जगातला पहिला माणूस.

आता तिची स्पेक-शीट बघू.

आकडा पहिला: पाण्यावरची लांबी

सुहैलीची एकूण लांबी साधारण 32 फूट. पण वेगासाठी महत्त्वाची असते ती पाण्याला टेकलेली लांबी. ती 28 फूट.

बोट पुढे सरकते तेव्हा पाण्यात लाट तयार होते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एका क्षणी लाट बोटीइतकीच लांब होते. पुढचं टोक एका उंचवट्यावर, मागचं टोक दुसऱ्या उंचवट्यावर. यापेक्षा वेगात जायचं तर बोटीला स्वतःच केलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. जड बोटीला ते जमत नाही. शीड कितीही मोठं लावा, वेग जवळपास तिथेच अडकतो.

हिशोब सोपा आहे. पाण्यावरच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.

सुहैलीसाठी: 28 चं वर्गमूळ 5.29, गुणिले 1.34 म्हणजे साधारण 7.1 नॉट. ताशी 13 किलोमीटर! प्रत्यक्ष प्रवासात तिची सरासरी पडली 4 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. गावातला सायकलवाला आरामात पुढे निघून जाईल.

वर्गमूळ असल्यामुळे वेगाची मर्यादा दुप्पट करायची तर लांबी चौपट लागते. म्हणूनच छोट्या बोटीत 'फास्ट' हा शब्द जरा जपूनच वापरावा.

आकडा दुसरा: वजन, आणि ते कुठे आहे

वादळी वारा आला की आपल्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात. का? घड वर, मुळं उथळ. वजन वर आणि आधार कमी. बोटीत हे उलटं केलेलं असतं. तळाला कील नावाचा जाड कणा असतो आणि त्यात लोखंड किंवा शिसं भरलेलं असतं. बोट आडवी झाली की हे खालचं वजन तिला परत सरळ करतं, ठोसा मारला तरी उभी राहणाऱ्या बाहुलीसारखं.

सप्टेंबर 1968 मध्ये दक्षिणेकडच्या समुद्रात एका लाटेने सुहैलीला आडवं पाडलं. केबिनला तडे गेले. पण बोट परत उभी राहिली.

याची किंमतही आहे. जड बोट हलक्या वाऱ्यात रेंगाळते.

आकडा तिसरा: पाण्याखालची खोली

सुहैलीचा तळ पाण्यात साधारण साडेपाच फूट खाली जातो. समोरून येणाऱ्या वाऱ्यात बोट पुढे कशी जाते, याचं उत्तर इथे आहे. शीड हे साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्कीच्या पात्यासारखं काम करतं. वारा त्याच्या बाकावरून जाताना एका बाजूला ओढ तयार होते. ही ओढ बोटीला बरीचशी आडवी ढकलते. खोल कील आडवं सरकू देत नाही, मग बोट पुढेच सटकते. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की कसा पुढे उडतो, तसं.

थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलंच शीड चालत नाही. साधारण 45 अंशाचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं जावं लागतं. सातपुड्यातला घाट चढताना रस्ता जसा वळणं घेतो, अगदी तसंच.

इथेही देवघेव आहे. खोल कील भर समुद्रात कामाची, पण कोकणातल्या उथळ खाडीत ओहोटीला तीच बोट गाळात रुतू शकते. फक्त किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बोटीला म्हणून कमी खोली सोयीची पडते.

स्पेक-शीटमध्ये नसलेली गोष्ट

प्रवास सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच सुहैलीच्या तळाच्या फटीतून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरला आणि फटीत कापूस ठोकून त्याने ती बुजवली. नंतर रेडिओ बिघडला. ऑस्ट्रेलियाच्या आसपास आपोआप दिशा धरणारं यंत्रही गेलं. पण सुहैलीची कील लांब आहे, त्यामुळे बोट सहसा वाकडी वळत नाही. त्याने शिडांचा तोल असा बसवला की बोट स्वतःच दिशा धरून चालत राहिली.

याच शर्यतीत नायजेल टेटलीकडे तीन सांगाड्यांची, जास्त वेगवान बोट होती. मागचा स्पर्धक जवळ आलाय असं वाटून त्याने ती ताणली. मे 1969 मध्ये, प्रवास संपत आलेला असताना, ती अटलांटिकमध्ये फुटून बुडाली. टेटली वाचला, बोट गेली.

म्हणजे जुनंच चांगलं का?

नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' 56 फुटी आहे. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात, न थांबता, मुंबई ते मुंबई प्रवास केला. पाच महिने! मार्ग सुहैलीसारखाच नव्हता, पण लांबीचा फायदा दिसतोच.

हेच टॉमी 2018 मध्ये 'तुरीया' या गोव्यातच बांधलेल्या सुहैलीच्या प्रतिकृतीवर होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. म्हणजे जड कील आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही. पण बोटीचा सांगाडा तरंगत राहिला आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. पाच वर्षांनी ते वेगळ्या बोटीवर ही शर्यत पूर्ण करून दुसरे आले.

थोडक्यात, बोटीचे आकडे बघताना चार प्रश्न विचारा. पाण्यावर लांबी किती? वजन किती आणि कुठे? तळ किती खोल? आणि काही तुटलं तर आपल्याच हाताने जोडता येईल का? पहिल्या तिघांचं उत्तर स्पेक-शीटवर मिळेल. चौथ्याचं बोट बघूनच कळतं. फोन घेताना हा चौथा प्रश्न आपण शेवटचा कधी विचारला होता, आठवून बघा.