प्रत्येक फरकाचा जाब कशाला?

महिना उलटला की कारखान्याच्या अकाउंट्स विभागातून एक तक्ता निघतो. एका रकान्यात बजेट, शेजारी प्रत्यक्ष खर्च, तिसऱ्यात फरक. चौथा रकाना कोरा असतो आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं ‘कारण’. वीज, कच्चा माल, ओव्हरटाइम, वाहतूक अशा प्रत्येक ओळीपुढे त्या त्या विभागप्रमुखाने काहीतरी लिहायचं. तो लिहितोही. पाऊस लांबला, लाइट गेली, सणाच्या सुट्ट्या आल्या, माणसं नवीन होती. या चौथ्या रकान्यात दर महिन्याला प्रामाणिक माणसांचे तास खर्ची पडतात आणि खरा बिघाड त्या कारणांच्या गर्दीत दडून राहतो, असं माझं ठाम मत आहे.

तक्ता मात्र निरुपयोगी नाही. तो नीट फोडला तर पुष्कळ सांगतो. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात असते तशी एखादी फाउंड्री घेऊ. आकडे समजुतीसाठी माझे. एका कास्टिंगला १० किलो धातू लागावा आणि तो ५० रुपये किलोने मिळावा, असं ठरलेलं आहे. हजार कास्टिंगचा अपेक्षित खर्च झाला ५ लाख. प्रत्यक्षात खर्च आला ४ लाख ९९ हजार २००. म्हणजे ८०० रुपये वाचले. मीटिंगमध्ये ही ओळ कुणी वाचणारही नाही.

आता तीच ओळ उघडून पाहा. खरेदी विभागाने धातू ४८ रुपयांनी आणला, पण लागला १०,४०० किलो. किलोमागे दोन रुपये वाचले, म्हणून दरातला फरक २०,८०० रुपये अनुकूल. चारशे किलो जास्त लागले, म्हणून वापरातला फरक ठरलेल्या दराने २०,००० रुपये प्रतिकूल. दोन्ही एकमेकांत जिरले आणि वर उरले फक्त ८००. स्वस्तात घेतलेलं भंगार गंजकं, मातकट असेल, तर ते भट्टीत जास्त जळतं आणि मळी जास्त निघते. तसं झालं असेल, तर खरेदीवाल्याची शाबासकी आणि भट्टीवाल्याची बोलणी या दोन्हींचं मूळ एकच आहे. ठरलेल्या दर-वापराशी प्रत्यक्ष खर्च ताडण्याच्या या पद्धतीची, म्हणजे स्टँडर्ड कॉस्टिंगची, खरी ताकद या फोडीत आहे. एकूण फरक पाहून गप्प बसणारा मालक स्वतःचाच हिशेब अर्धवट वाचतो.

पण फोड करूनही एक प्रश्न उरतो आणि तो हिशेबाच्या चौकटीत सुटत नाही. हा फरक दखल घेण्याजोगा आहे का? बजेट हा एकच आकडा असतो. प्रत्यक्ष आकडा त्याच्या वर जाणार किंवा खाली येणार, नेमका त्यावर बसणं दुर्मीळच. मग प्रत्येक वेळी जाब का विचारायचा?

या प्रश्नाचं उत्तर १९२४ मध्ये अमेरिकेत शोधलं गेलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोनची सामग्री बनवत असे. तिथल्या तपासणी विभागात वॉल्टर शूहार्ट नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याने वरिष्ठांना जेमतेम एका पानाचं टिपण पाठवलं, सोबत एक आलेख. त्यातला विचार असा: कोणतीही प्रक्रिया आपसूक थोडी हलत असते. हा चढउतार असंख्य बारीक कारणांचा मिळून असतो. त्यातलं एक वेगळं काढून दाखवता येत नाही. याच्यावर कधीतरी एखादं खास कारण येऊन आदळतं आणि आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर उडी मारतो. शोध घ्यायचा तो या उडीचा. पट्टा किती रुंद, हे प्रक्रियेच्याच जुन्या आकड्यांवरून काढायचं. साहेबांच्या अपेक्षेवरून नाही.

शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतातही आला होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्याला बोलावलं होतं आणि आपल्याकडच्या सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाच्या कामाला त्या भेटीने गती मिळाली. हे तंत्र आपल्याला परकं नाही. ते शॉप फ्लोअरवर पोचलं, कॉन्फरन्स रूमच्या दाराशी मात्र थबकलं.

पट्टा काढायला फार गणित लागत नाही. त्याच फाउंड्रीतलं वर्षभराचं रिजेक्शन, म्हणजे नाकारलेल्या कास्टिंगचं प्रमाण, टक्क्यांत असं धरा: ३.१, ३.६, २.९, ३.४, ४.०, ३.२, ३.७, ३.०, ३.५, ३.३, ३.९, ३.२. सरासरी ३.४. लागोपाठच्या महिन्यांमधलं अंतर काढलं, तर ते सरासरी ०.५७ येतं. त्याला २.६६ या ठरलेल्या गुणकाने गुणायचं. आलेले साधारण १.५ सरासरीत मिळवायचे आणि वजा करायचे. पट्टा झाला १.९ ते ४.९. चार टक्क्यांच्या महिन्यात मीटिंग तापली असेल, पण आकड्यांच्या लेखी त्या महिन्यात वेगळं काहीच घडलेलं नव्हतं. उद्या ५.३ आले, तर त्याच दिवशी चौकशी हवी.

शूहार्टचा विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग हीच गोष्ट लोकांच्या हाताने दाखवत. पेटीत पांढरे आणि लाल मणी, लाल पाचातला एक. पन्नास खाचांचं फळकुट पेटीत बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. कुणाला सात लाल येत, कुणाला चौदा. डेमिंग साहेबाच्या आवेशात सातवाल्याचं कौतुक करत, चौदावाल्याला झापत. हिशेब केला, तर २ पासून १८ पर्यंतचे आकडे निव्वळ योगायोगात बसतात. हात तेच, पेटी तीच.

यातला सर्वांत फसवा भाग पुढच्या महिन्यात दिसतो. एखादा आकडा योगायोगाने फार वाईट आला असेल, तर त्यानंतरचा बहुधा सरासरीकडेच सरकतो. मधल्या काळात साहेबांनी आवाज चढवलेला असतो. त्यांना वाटतं, झापल्याचा परिणाम झाला. उलट उत्तम महिन्यानंतर शाबासकी दिली की आकडा उतरतो आणि कौतुकाने माणसं सैलावतात असा समज पक्का होतो. वर्षानुवर्षं चांगल्या माणसांना बोल लावणारी कार्यसंस्कृती अशा गैरसमजावर पोसली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

पाळ्यांची तुलनाही अशीच. रात्रपाळीचं रिजेक्शन दिवसपाळीपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. रात्रपाळीचे स्वतःचेच दिवस एकमेकांपासून किती हलतात, हे आधी पाहावं लागतं. गटांमधला फरक गटाच्या आतल्या चढउताराशी ताडून पाहण्याची ही रीत रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात, खतांचे प्रयोग तपासताना बसवली. आज ती साध्या स्प्रेडशीटमध्ये मिळते.

कारखान्यातला असा चढउतार आधी समजून घ्यायचा असतो; गुंतवणुकीत मात्र तो स्वतःच पैसे खातो. तीन वर्षं दरसाल १२ टक्के मिळाले, तर लाखाचे १,४०,४९३ होतात. पहिल्या वर्षी ४०, दुसऱ्या वर्षी उणे १६, तिसऱ्या वर्षी १२ टक्के मिळाले, तर सरासरी तीच १२; हातात येतात १,३१,७१२. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये परताव्याच्या शेजारी चढउतारालाही मापात बसवलं, त्यानंतर गुंतवणुकीचं शास्त्रच बदललं. आपल्याकडे फंडाची जाहिरात वाचताना नजर अजून सरासरीवरच थांबते.

फाउंड्रीकडे परत येऊ. आकडे पट्ट्यात आहेत म्हणून सगळं आलबेल, असं कुणी समजू नये. ३.४ टक्के रिजेक्शन परवडत नसेल, तर कोणत्याही एका महिन्याचं कारण विचारून ते घटणार नाही. मोल्डिंग सँडचा ओलावा रोज मोजला जातो का, धातू किती तापमानाला ओतला जातो, भंगार घेताना दराबरोबर प्रत तपासतात का, हे सगळं बदलावं लागेल. त्याला खर्च आहे, आणि तो मंजूर करण्याचा अधिकार चौथा रकाना भरणाऱ्याकडे नाही. तो रकाना भरायला सांगणाऱ्याकडे आहे.