अठरा पूर्ण झाल्यावर

बेघर मुलाला छप्पर मिळाले की त्याची गोष्ट संपली, असे आपण धरून चालतो. विकी रॉयची गोष्ट तिथे संपत नाही.

1999 साली, अकरा वर्षांचा असताना, तो बंगालमधल्या पुरुलियाहून पळून दिल्लीला आला. स्टेशनवर कचरा वेचू लागला. पुढे सलाम बालक ट्रस्टने त्याला आसरा दिला. मीरा नायर यांच्या, आपल्या मुंबईत घडणाऱ्या ‘सलाम बॉम्बे’ या 1988 च्या चित्रपटातून ही संस्था उभी राहिली. आम्हा कवींना हेवा वाटावा असेच हे!

दहावीला गुण बेताचे पडले, तेव्हा संस्थेने त्याचा फोटोग्राफीचा नाद ओळखला. पण अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावे लागते. आपल्या घरात अठराव्या वाढदिवसाला मुलाचे अंथरूण कोणी गुंडाळते का? विकी तेव्हा एका छायाचित्रकाराच्या हाताखाली शिकत होता. संस्थेने त्याला कॅमेऱ्यासाठी पैसे दिले, तेही कर्ज म्हणून. त्याने ते हप्त्याहप्त्याने फेडले. मला या कथेत सर्वात मोलाचे वाटतात ते हे हप्ते. त्यांनी त्याला उपकाराच्या ओझ्यातून सोडवले. 2007 साली रस्त्यावरच्या मुलांच्या छायाचित्रांचे त्याचे ‘स्ट्रीट ड्रीम्स’ प्रदर्शन दिल्लीत भरले.

आता 2015 च्या बाल न्याय कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अशा मुलांना मदतीची तरतूद आहे. जवळच्या बालगृहात यंदा कोण अठरा पूर्ण करतो आहे आणि त्याचा अर्ज गेला का, एवढे जरूर विचारा.