कोवलमचे निशाण

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, कोवलम हे कोळ्यांचे गाव आहे. इंग्रज, फ्रेंच, डच यांच्या वखारींचा इतिहास आपणांस परिचित आहे. परंतु या लहानशा गावी एके काळी जर्मन सम्राटाच्या आश्रयाखालील वखार होती, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

१७२२ साली सम्राट सहावा चार्ल्स याने ओस्टेंड कंपनीस सनद दिली. ओस्टेंड बंदर आज बेल्जममध्ये आहे. त्या काळी तो मुलूख व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे होता. कोवलम आणि बंगालमधील बांकीबाजार येथे कंपनीच्या वखारी होत्या. तिच्या व्यापाराची, विशेषतः चिनी चहाची, भरभराट पाहून इंग्रज व डच अस्वस्थ झाले.

चार्ल्सला पुत्र नव्हता. कन्या मारिया थेरेसा हिचा वारसा इतर सत्तांनी मान्य करावा, एवढीच त्याची आस होती. त्या मान्यतेचे मोल म्हणून कंपनीचा बळी गेला. १७२७ साली सनद सात वर्षांसाठी स्थगित झाली आणि १७३१ च्या व्हिएन्ना तहाने कंपनीचा शेवट ठरला. पुढे कोवलमचा किल्ला अर्काटच्या नबाबाकडून फ्रेंचांकडे गेला व १७५२ साली क्लाइव्हने तो जिंकला.

बाल्टिक समुद्रावरील पॉमेरेनिया प्रांताचे भवितव्यही असेच दूरच्या तहांनी ठरविले. १६४८ मध्ये स्वीडन व ब्रांडेनबुर्ग यांनी तो वाटून घेतला. १८१५ मध्ये तो सर्व प्रशियाचा झाला. १९४५ मध्ये पॉट्सडॅम येथील निर्णयानंतर त्याचा बहुतेक भाग पोलंडकडे गेला. मात्र या वेळी केवळ निशाण बदलले नाही. लाखो जर्मनांस घरदार सोडावे लागले. त्यांच्या घरांत आलेले अनेक पोलिश लोकही पूर्वेकडून उखडले गेलेलेच होते. श्टेटिनचे श्चेचिन झाले.

हा फरक का पडला? अठराव्या शतकातील सत्तांना कोवलमला व्यापार हवा होता. धक्का नसलेल्या त्या किनाऱ्यावर लाटांतून माल नेण्यास स्थानिक नावाडी लागत. कापडासाठी विणकर लागत. रयत गेली तर वखारीस अर्थ उरत नसे. विसाव्या शतकाने मात्र भूमी आणि राष्ट्र एकजिनसी करू पाहिले. तेथे जुना रहिवासीच अडचण ठरला. १९४७ ची फाळणी पाहिलेल्या देशास याची किंमत निराळी सांगावयास नको.