अनेक कर्जांचे एक कर्ज

एकाच माणसाने सोसायटीकडून, सावकाराकडून आणि पाहुण्याकडून असे तीन ठिकाणी कर्ज काढले, तर त्याची काय तारांबळ उडते ते तुम्हांला सांगायला नको. तीन तारखा, तीन हप्ते. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांची अशीच गत होते.

तिकडे कॉलेजचे शिक्षण फार महाग. 1965 साली तिथे कायदा झाला आणि शिक्षणासाठी कर्जाची मोठी सोय झाली. हे सरकारी कर्ज मुलगा दर वर्षी नवे घेतो. दर वर्षीचा व्याजाचा दर वेगळा. शिक्षण संपेपर्यंत त्याच्या नावावर चार-पाच कर्जे चढतात. मग तो सरकारकडे अर्ज करतो, की माझी सगळी कर्जे एकत्र करा. सरकार जुनी कर्जे मिटवते आणि त्यांचे मिळून एक नवे कर्ज लिहिते. थकलेले व्याजही मुद्दलात धरले जाते, बरं का!

नवा दर कसा काढतात? समजा, 6,000 डॉलर 5 टक्क्यांनी घेतले आणि 4,000 डॉलर 6 टक्क्यांनी. वर्षाचे व्याज 300 आणि 240, मिळून 540. म्हणजे 10,000 वर 5.4 टक्के पडले. हा दर टक्क्याच्या पुढच्या आठव्या भागापर्यंत वर नेतात. (पूर्वी रुपयात दोन आणे, तसा टक्क्यात हा आठवा भाग.) म्हणून दर होतो साडेपाच टक्के. तेव्हा एकत्र केल्याने व्याज स्वस्त होते, असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे.

हप्ता मात्र लहान होऊ शकतो. कसा? मुदत वाढते म्हणून. वरचेच 10,000 डॉलर साडेपाच टक्क्यांनी दहा वर्षांत फेडले, तर महिन्याला सुमारे 109 डॉलर पडतात आणि एकूण 13,000 च्या आसपास जातात. पंधरा वर्षे घेतली, तर महिन्याला सुमारे 82 डॉलरच. पण एकूण 14,700 द्यावे लागतात! पोराला नोकरी बेताची असेल, तर हप्ता थकण्यापेक्षा हे बरे. पगार चांगला असेल, तर माझ्या मते मुदत वाढवू नये.

या अर्जाला पैसा पडत नाही. तरी "आम्ही करून देतो" म्हणून पैसे उकळणारे दलाल तिकडेही आहेत. खाजगी बँकेचे कर्ज यात घालता येत नाही. आपल्याकडून नुसत्या शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या मुलांना हे सरकारी कर्जच मिळत नाही. आणि एकदा एकत्र केलेली कर्जे पुन्हा सुटी होत नाहीत.

पूर्वी नवरा-बायकोला दोघांची कर्जे मिळून एक करता येत. पुढे काहींचे घटस्फोट झाले, पण कर्ज तुटेना. एकाने भरले नाही, तर सगळे दुसऱ्याच्या गळ्यात. 2006 साली ही सोय बंद केली. आधीच्या जोडप्यांना आपापला वाटा वेगळा करून मिळावा, असा कायदा व्हायला मात्र 2022 साल उजाडले.