पोलादवाल्याने आखलेलं घर

आल्फ्रेड क्रुप चौदा वर्षांचा असताना वडील गेले आणि एसेनमधला डबघाईला आलेला पोलादाचा कारखाना त्याच्या गळ्यात पडला. कामगार जेमतेम सात. पुढे रेल्वेच्या चाकांवरच्या बिनसांध्याच्या धावांनी आणि तोफांनी तो गडगंज झाला, तरी बरीच वर्षं बिऱ्हाड कारखान्याच्या आवारातच होतं. धूर, काजळी, वाफेच्या हातोड्याचे दणके. शेवटी रूर नदीकाठच्या टेकडीवर त्याने जागा घेतली आणि घराचे आराखडे काढायला स्वतःच बसला.

१८७० ते १८७३ या काळात उभा राहिलेला 'व्हिला ह्युगेल' बाहेरून ग्रीक-रोमन वळणाचा, प्रमाणबद्ध आणि भारदस्त. आतलं डोकं मात्र कारखानदाराचं. आल्फ्रेडला आगीची विलक्षण धास्ती होती. म्हणून बांधकाम दगड, लोखंड आणि काचेचं. लाकूड होईल तितकं टाळलेलं. वास्तुकार नेमले होते, पण शेवटचा शब्द त्याचाच. दर्शनी भिंतींसाठी त्याने फ्रान्समधल्या शांतियीचा चुनखडीचा दगड निवडला, आणि बांधकाम सुरू झालं त्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. घराला दगड फ्रान्सचा आणि फ्रान्सवर चाललेल्या तोफा क्रुपच्या! हे घर बघताना ती गोष्ट मला विसरता येत नाही.

२६९ खोल्या गरम हवा खेळवून उबदार ठेवायच्या, हा त्याचा बेत. पोलाद त्याच्या हुकमात होतं, हवा नव्हती. खोल्या गार राहायच्या, वारं शिरायचं, आणि दुरुस्त्या वर्षानुवर्षं चालल्या. पुढच्या पिढ्यांनी तर त्याने टाळलेलं लाकूडच भिंतींवर चढवलं, त्यावर जुने विणलेले चित्रपडदे टांगले. घराला ऊब आली ती तेव्हा, असं मला वाटतं. १९५३पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

पण माझा जीव अडकतो तो भोवतालच्या सत्तर एकरांच्या बागेत. टेकडी उघडी होती. रोपं लावून ती वाढायची वाट बघायला साठीच्या उंबरठ्यावरच्या आल्फ्रेडकडे वेळ नव्हता. मग वाढलेली झाडंच मुळांसकट खणून, मातीच्या गड्ड्यासह वाहून आणली आणि टेकडीवर लावली. घर त्याने यंत्रासारखं आखलं. झाडांपाशी मात्र त्याला फक्त सावली हवी होती, आपल्या हयातीतली. १८८७ साली तो गेला. तोवर चौदा वर्षं ती त्याला मिळाली.