मागचे दार बंद करताना

वाड्याच्या मागच्या दाराची कडी निखळली आहे, हे घरमालकाच्या लक्षात येते. चोराच्या भीतीने तो ते दार कायमचे बंद करतो. दुसऱ्या दिवशी, रोज त्याच दाराने येणारा दूधवाला बाहेर खोळंबतो. संगणकाच्या बाबतीतही कधी कधी असेच घडते.

विंडोजसारखी मूळ प्रणाली म्हणजे संगणकाला दिलेल्या लक्षावधी सूचनांचा संच. तिच्यात राहून गेलेली उणीव उघडकीस आली, की निर्माते ती बुजवणारी सुधारणा पाठवतात. तिलाच आपण ‘अपडेट’ म्हणतो. मात्र संगणकातील इतर प्रोग्रॅम याच प्रणालीच्या आधाराने चालतात. एखादा प्रोग्रॅम नेमक्या बदललेल्या वाटेने ये-जा करत असेल, तर तो अडतो. प्रसंगी संगणकच बंद पडतो.

जानेवारी २०१८ मध्ये याचा प्रत्यय आला. प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या उणिवा तेव्हा जाहीर झाल्या. मायक्रोसॉफ्टने त्यांवर सुधारणा दिली. परंतु काही अँटीव्हायरस प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात मान्य नसलेल्या रीतीने शिरत असत. सुधारणा बसवल्यावर असे संगणक सुरूच होईनात. म्हणून, ज्या संगणकातील अँटीव्हायरसने आपण सुधारणेशी जुळते असल्याची खूण नोंदवली असेल, त्यालाच ती देण्याचे कंपनीने ठरवले. दोन पहारेकऱ्यांचेच एकमेकांशी पटेना!

मग सुधारणा टाळाव्यात काय? मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एक उणीव बुजवणारी सुधारणा आली होती. अनेकांनी ती बसवलीच नाही. मे २०१७ मध्ये त्याच उणिवेतून ‘वॉनाक्राय’ १५० हून अधिक देशांतील संगणकांत शिरला. त्याने माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील काही रुग्णालयांना शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या.

तेव्हा सुधारणा नाकारणे हा उपाय नव्हे. पूर्वतयारी हा उपाय आहे. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळी जपून ठेवावी. इतर प्रोग्रॅमही वेळोवेळी अद्ययावत करावेत. कार्यालयात अनेक संगणक असतील, तर सुधारणा आधी एकावर बसवून पाहावी. अडचण आलीच, तर ती काढून टाकता येते. मात्र दुरुस्त केलेली सुधारणा येताच बसवण्यास विसरू नये.

दूधवाल्याला पुढचे दार दाखवावे; त्याच्यासाठी मागचे दार उघडे ठेवू नये.