यंदा देवाला नाही, समुद्राला!

मैत्रिणींनो, आपण बायका घराबाहेर पडतो ती चार कारणांनी. माहेरपण, लग्नकार्य, दवाखाना आणि देवदर्शन. त्यातलं देवदर्शन म्हणजे आपली हक्काची सहल. पंढरपूर, तुळजापूर, माहूर... आणि शेगाव तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच. 'देवाला जाते' म्हटलं की घरातलं कुणी अडवत नाही. श्रद्धा असतेच, पण खरं सांगा, चार दिवस गॅसपासून सुटका होते, मैत्रिणींशी मनसोक्त बोलता येतं, हाही आनंद असतोच ना? मग कुठलंही निमित्त न काढता, नुसत्या आनंदासाठी मैत्रिणीबरोबर समुद्रावर जायला काय हरकत आहे?

हा प्रश्न मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सहज टाकला. सगळ्या हसल्या. मग एकेक अडचण पुढे आली. पैसे कुठून आणायचे? लोक काय म्हणतील? आणि दोघी बायका एकट्या कशा जातील? (दोघी असूनही आपण 'एकट्या'च, ही गंमत बघा!) माझी एक मैत्रीण मात्र गप्प होती. ती संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बावीस वर्षांचा संसार, त्यातली शेवटची सात वर्षं नवऱ्यामागे एकटीने रेटलेली. बैठक संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मी येतो वं तुह्यासंग. समुद्र कसा असते ते मले एकदा पाह्याचं हाये."

झालं! दुसऱ्या महिन्यापासून आम्ही दोघींनी ५०० रुपये वेगळे ठेवायला सुरुवात केली. तिचे शिवणकामातले, माझे घरखर्चातून वाचवलेले. वर्षभरात प्रत्येकीचे ६००० रुपये जमले. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या दिरांनी विचारलं, "कोणत्या देवाले चालल्या वहिनी?" गणपतीपुळ्याचं नाव घेतलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण ती म्हणाली, "देवाले नाही भाऊजी. समुद्र पाह्याले चालली." दीर काहीच बोलले नाहीत. मला विचाराल तर आमची सहल तिथेच सुरू झाली.

आम्ही मालवण-तारकर्ली निवडलं. आपल्याकडून जायचं म्हणजे मलकापूर किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. कोकण रेल्वेची गाडी शक्यतो दिवसाची घ्या. डोंगर, नद्या, बोगदे बघत वेळ कसा जातो कळत नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. आरक्षणाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात एकट्या किंवा फक्त बायकांच्या गटासाठी ६ जागांचा वेगळा कोटा असतो. आणि ४५ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचाही कोटा आहे. तिकीट खिडकीवर हे स्वतःहून विचारायचं. प्रवासात अडचण आलीच तर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे.

कुडाळहून पुढे मालवणला एसटी. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या बसमध्ये आपल्याला निम्मं भाडं आहे, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण ही सवलत आपण फक्त बाजारहाट आणि माहेरासाठी वापरतो. कोकणात गावोगावी एसटी जाते, रिक्षावर पैसे घालवायची गरज फार कमी पडते. राहायला हॉटेलपेक्षा घरगुती निवास बरा. दोघींत एक खोली घेतली की भाडं अर्धं होतं, आणि घरात बाईमाणूस असल्याने आपणही निर्धास्त. राज्य सरकारने २०२३ मध्ये स्त्रियांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात पर्यटन महामंडळाच्या निवासांत वर्षातले ठरावीक दिवस स्त्रियांना ५० टक्के सवलत ठेवली आहे. खोली नोंदवताना तीही चौकशी करा.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी असाल तरी काळ्या वाटाण्याची उसळ, घावन, आंबोळी, सोलकढी अशी चंगळ असते. आपल्या ज्वारीच्या भाकरीऐवजी तिथे तांदळाची भाकरी. पाण्यातले खेळ, स्कूबा वगैरे महागडे प्रकार आम्ही सोडून दिले. लाटांना तिकीट नसतंच!

आता समुद्राचं सांगते. तारकर्लीच्या वाळूवर पाऊल टाकलं आणि मैत्रीण जागच्या जागी थबकली. "माय वं! एवढं पाणी!" मग पुढे गेली, ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि हसायलाच लागली. "हे तं आपल्या हिरीवानी निंघालं!" शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या वाचकांना हे लगेच कळेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला, बोअरला खारंच पाणी लागतं, आणि घोटभर गोड्या पाण्यासाठी बायकांची पायपीट होते. जन्मभर पाणी म्हणजे काम. भरायचं, वाहायचं, पुरवून वापरायचं, झाकून ठेवायचं. त्या दिवशी मात्र पाण्याचं काहीच करायचं नव्हतं. त्यात नुसतं उभं राहायचं होतं. तासभर ती तशीच उभी होती. मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा इथे जपलेला आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. ज्या जिजाऊ आपल्या सिंदखेडराजाच्या, त्यांच्या लेकाने उभारलेला हा किल्ला बघताना बुलढाण्याच्या बायकांचा ऊर भरून येणारच! पण आमच्या मैत्रिणीला सगळ्यांत नवल वाटलं ते तिथल्या विहिरींचं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी समुद्र, आणि मधोमध गोडं पाणी. ती विहिरीच्या काठावरून हलेचना.

आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या ताई पहाटेपासून राबायच्या. खोल्या झाडायच्या, वाटण वाटायच्या, पाहुण्यांना वाढायच्या. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. एका संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही रोज जात असाल ना पाण्यात?" त्या हसल्या. "आमका खंय गो वेळ गावता!" कित्येक वर्षांत त्यांनी समुद्रात पाय बुडवला नव्हता. मैत्रिणीने त्यांच्या हातातला झाडू काढून बाजूला ठेवला आणि त्यांना घेऊनच आम्ही तिघी निघालो. म्हणजे बघा, समुद्र जवळ असणं पुरेसं नाही. आनंदासाठी वेळ काढायचा, तर तो कुठेही आपणच काढावा लागतो.

थोडं सावधगिरीचंही बोलते. पाण्यात शिरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारा. ओहोटीला पाणी आत ओढतं. गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नका आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. साडी भिजली की जड होते, पायात अडकते. त्यापेक्षा पंजाबी ड्रेस बरा. होडीत बसताना अंगात जॅकेट हवंच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याच्या होड्याही बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावं. घरी गाडीचं नाव, राहण्याचा पत्ता लिहून ठेवा. आणि एक, रोज घरी फोन करून 'जेवलात का?' विचारू नका. ते जेवतात!

पाच दिवसांनी परतलो तेव्हा माझ्या सहा हजारांतले साडेतीनशे रुपये शिल्लक होते. घरात भांड्यांचा ढीग होता हे खरं, पण संसार जागेवरच होता. मैत्रीण आता शेजारणींना समुद्राचं वर्णन ऐकवते. गटातल्या आणखी चौघींनी डबे ठेवलेत.

तुम्हीही एक डबा ठेवा. त्यावर मुलांची फी, लग्नाचा आहेर असलं काही लिहू नका. आणि मैत्रीण निवडताना जिच्याशी भरपूर गप्पा होतात ती तर हवीच, पण जिच्याजवळ तासभर गप्प बसता येतं, अशी मिळाली तर तिला सोडू नका!